बारावा रकाना

एनेलेसी काम्फोंजेच्या हातात लाल पेन दिसलं की आमच्या जिल्हा रुग्णालयातले शहाणे लोक रस्ता बदलत. मी शहाणा नव्हतो, आणि माझी फार्मसी तिच्या सहा नंबरच्या खोलीला लागूनच होती, त्यामुळे मला पळायला जागाही नव्हती.

सहा नंबर म्हणजे बळजबरी झालेल्या बायका-पोरींची खोली. ती उघडली तेव्हा एक नर्स मिळाली, एक पोलीस शिपाई बाई मिळाली, पण रजिस्टर लिहायला कोणी मिळेना. सर्टिफिकेटवाल्या कारकुनांनी नाकं मुरडली. त्या खोलीतून बाहेर पडताना लोक बघतात म्हणे. एनेलेसी तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात फरशी पुसत होती, अकरा वर्षं. नवरा दूर दक्षिणेत जोनीच्या सोन्याच्या खाणीत गेला तो गेलाच. दोन मुलं तिनं त्या फरशीवरच वाढवली म्हणायला हरकत नाही. शाळा आठवीपर्यंत झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. ती डॉक्टर न्तावांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लोक बघतात तर बघू देत. मला लिहिता येतं." डॉक्टरांना दुसरा इलाज नव्हता.

तिच्या काही रीती होत्या. आलेल्या पोरीला ती आधी काही विचारायची नाही. बाकावर बसवायची, एक तळलेली गोड मांदाझी हातात द्यायची, पेल्यात थोब्वा, मक्याची आंबील, ओतायची. "आधी खा. पोटात काही असलं की बोलायला बळ येतं." दुसरी रीत आरोग्यवहीची. उभ्या मलावीत प्रत्येकाची पिवळ्या कव्हराची वही ज्याची त्याच्याकडेच असते. दुखणं, औषध, सगळं त्यात लिहायचं आणि वही घरी न्यायची. घरी ती चुलीजवळ पडलेली असते, येणारा-जाणारा चाळतो. एनेलेसीनं नर्सला बजावून ठेवलं होतं, "हिच्या वहीत ताप लिही. खरं काय ते माझ्या रजिस्टरात." कारण वहीतली पानं फाडली जातात हे तिला ठाऊक होतं. तिचं रजिस्टर फाडायला आधी तिला फाडावं लागलं असतं.

सरकारी रजिस्टरात अकरा रकाने छापलेले असतात. वय, गाव, कधी झालं, कधी आली, काय औषध दिलं, असले. दर तीन महिन्यांनी त्याची बेरीज वर जाते. एकदा अशीच बेरीज करताना ती माझ्या खिडकीशी आली.

"जेलोसी, तुझ्या कपाटातल्या त्या गोळ्या मी इतक्या कमी का नेते रे?"

"मला काय विचारतेस? तू मागशील तेवढ्या देतो."

"एड्सचा आजार लागू नये म्हणून द्यायच्या त्या गोळ्या तीन दिवसांच्या आत लागतात. बहात्तर तास. माझ्याकडं निम्म्याहून जास्त पोरी चौथ्या दिवशी येतात. पाचव्या दिवशी येतात. का?"

डॉक्टर न्तावांनी त्यावर भिंतीवर चित्रं लावायला सांगितलं. लोक अडाणी आहेत, त्यांना माहिती द्या. एनेलेसीनं चित्रं लावली आणि मग जे कोणी केलं नव्हतं ते केलं: प्रत्येक आईला विचारलं, "बाई, उशीर का झाला?" उत्तरं ऐकून तिनं लाल पेन घेतलं, पट्टी घेतली, आणि अकराव्या रकान्याच्या पुढं समासात एक उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'कोणाची वाट पाहिली?'

आणि त्या रकान्यात खाली खाली एकच शब्द उतरत गेला. मामा. मामा. रस्त्याला पूर. मामा. मामा.

आमच्याकडं पोर आईच्या कुळाची. बाप असतो, बरा असतो, पण भाचरांचा मालक मामा. भाचीचं लग्न मामा ठरवणार, तिचं मयत मामा उचलणार, आणि तिच्या अब्रूची गोष्ट तर मामा आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाणारच नाही. मामा तळ्यावर मासे धरायला गेलेला असतो, तंबाखूच्या मळ्यावर असतो, शहरात पहारेकरी असतो. त्याला निरोप जातो, "घरात एक गोष्ट झालीय, या." काय गोष्ट ते फोनवर विचारायचं नाही, सांगायचं नाही. तो चार दिवसांनी येतो, चटईवर बसतो, आणि मग ठरतं पोरीला दाखवायचं की झाकून टाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असाच बहुतेकांचा कौल असतो.

विभागातून तपासणीला साहेब आले. रजिस्टर उघडलं, लाल रेघ बघून त्यांच्या कपाळावर आठी चढली. "फॉर्ममध्ये अकरा रकाने आहेत, बाई."

"हो. एक छापायचा राहिला होता, तो मी मारला."

साहेबांनी नवं कोरं रजिस्टर पाठवलं. तिनं त्यातही पहिल्याच दिवशी शेवटच्या पानापर्यंत रेघ मारून ठेवली. मी गमतीनं म्हटलं, "म्हणजे आम्ही मामालोक आता रोग झालो का?" मी तीन बहिणींचा थोरला भाऊ, सात भाचरांचा मामा, मला ते लागलंच होतं.

"रोग नाही रे. रोगाला औषध तरी असतं."

मला राग आला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

गोष्ट गावोगाव पसरायला वेळ लागला नाही. सहा नंबरवाली बायकांना भावांविरुद्ध भडकवते, आमच्या मामांची नावं सरकारी वहीत चढवते. आमच्या भागाचे मोठे मुखिया चिंगोटा यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मार्चमधल्या एका सोमवारी त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, रविवारी ब्वालो, म्हणजे मुखियांची पंचायत, भरेल, मोठ्या अंजिराखाली, सगळ्यांसमोर. एनेलेसीनं येऊन हात जोडून माफी मागायची आणि रेघ खोडायची. डॉक्टर न्तावांनी तिला बोलावून घेतलं. मुखियांशी वाकडं घेऊन रुग्णालय चालत नाही, ते म्हणाले. माफी मागून टाक, नाहीतर मला तुला परत फरशीवर पाठवावं लागेल.

"फरशी मला येते, डॉक्टर," ती म्हणाली आणि कामाला निघून आली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, अकराच्या सुमारास, माझी मधली बहीण फिलेसी हिचा फोन आला. ती काम्वेन्डोला राहते, इथून तीस-बत्तीस मैल, त्यातले शेवटचे आठ नुसत्या पायवाटेचे.

"दादा, घरात एक गोष्ट झालीय. तू ये."

"शनिवारी येतो. तोवर कोणाशी काही बोलू नका."

"बरं, दादा."

फोन खिशात टाकला. खिडकीपाशी एनेलेसी उभी होती. तिच्या खोलीतला गोळ्यांचा डबा संपला होता, तो भरून न्यायला आली होती, आणि मी सकाळपासून तिला टोलवत होतो. डॉक्टरांची सही आण, मग देतो. खरं सांगायचं तर अजून तो रोगाचा टोमणा मनात होता.

"कोणती गोष्ट?" तिनं विचारलं.

"घरची."

"बहिणीला मुलगी आहे?"

"आहे. मालिता. तेरा वर्षांची."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी रोज त्या भिंतीपलीकडचं ऐकत होतो, त्या गोळ्या माझ्या हातानं मोजून देत होतो, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिच्या बघण्यानं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी.

"लाव फोन," ती म्हणाली.

"फोनवर असलं विचारत नाहीत."

"तू नको विचारूस. मी विचारते." तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "फिलेसी, मी रुग्णालयातली एनेलेसी. तू फक्त हो की नाही म्हण. मालिताला कोणी काही केलं का? ... हो. कधी? ... मंगळवारी, दिवेलागणीला. बरं. हे बघ, शुक्रवारच्या दिवेलागणीच्या आत ती माझ्यासमोर पाहिजे. आत्ताच निघ." मग थोडा वेळ ती ऐकत राहिली. "दादा नको म्हणाला? दादा इथंच उभा आहे. घे."

तिनं फोन माझ्या कानाला लावला. मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही आज कळतं. मी म्हणालो, "फिलेसी, मी उद्या सकाळी पहिल्या गाडीनं येतो. आधी बसून बोलू, मग काय ते ठरवू. मी आल्याशिवाय निघू नका."

एनेलेसीनं मला जे ऐकवलं ते सगळं इथं लिहिण्याजोगं नाही. "एक्केचाळीस तास झालेत, गाढवा," हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी तरीही म्हणालो की आमच्या घरचं आम्ही बघू, आपलेच दात आपलेच ओठ. त्यावर ती रिकामा डबा उचलून निघून गेली. तिचं ते जाणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

शुक्रवारी पहाटे मालवाहू टेम्पोच्या मागं मक्याच्या पोत्यांवर बसून निघालो. पुढं सायकलवाला. साडेनऊला काम्वेन्डोत पोचलो. अंगणात आंब्याखाली चटया अंथरलेल्या, गावचे चार म्हातारे बसलेले, कोपऱ्यात एक शेळी बांधलेली. फिलेसी नव्हती. मालिता नव्हती. तिचा बाप खाली मान घालून बसला होता.

"कोंबडा आरवायच्या आत गेल्या दोघी," तो म्हणाला. "सायकलच्या मागं पोरीला बसवून. मी थांब म्हटलं, तर म्हणाली, तुझ्यानं होत नसेल तर दार तरी उघड."

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? अपमान वाटला. माझी सख्खी बहीण, मी येतो म्हटलेलं असताना, माझी वाट न बघता गेली. मी चटईवर बसलो. कोणीतरी थोब्व्याचं भांडं हातात दिलं, ते प्यायलोही.

समोरचा माणूस गोड बोलणारा होता. शेजारी खोली घेऊन राहणाऱ्या शेंगदाण्याच्या व्यापाऱ्यानं त्याला मध्यस्थ म्हणून पाठवलं होतं. "मामा आले, आता मार्ग निघेल," तो म्हणाला. "माणूस चुकतो. शेळी आणलीय, पुढं आणखी बघू. फक्त एक काम आहे. मुलगी रुग्णालयात गेली म्हणजे त्या बाईच्या रजिस्टरात चढेल. तुम्ही तिथलेच. तेवढं पान काढून टाकायला तुम्हाला किती वेळ लागणार?"

तेवढं पान. एनेलेसी त्या पानासाठी परत फरशीचं फडकं हातात घ्यायला तयार होती, आणि हा माझ्याकडं बघून ते मागत होता, कारण त्याला मी तसाच दिसलो. मी उठलो. खिशात हात गेला, आणि हाताला गार लोखंड लागलं. औषधाच्या कपाटाची किल्ली. रुग्णालयात ती एकच होती आणि ती माझ्याकडं होती. तिकडं मालिता पोचली असणार, आणि एनेलेसीचा डबा रिकामा होता. तो मीच भरू दिला नव्हता.

"शेळी सोडा आणि चालते व्हा," मी म्हणालो. "पुढचं पोलिसांशी बोला."

त्यानंतरचे आठ मैल मी कसे गेलो ते मला आठवत नाही. सायकलवाला परत गेला होता. चालताना मी तास मोजत होतो. मोठ्या रस्त्याला लागलो तर एकही गाडी नाही. बाजाराचा दिवस नव्हता. एका ट्रकवाल्यानं अखेर घेतलं, तोही वाटेत दोनदा पंक्चर काढायला थांबला. एनेलेसीला फोन लावला तर लागेना, माझ्याच फोनची बॅटरी गेली. मी आयुष्यात देवाकडं फारसं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी सूर्य जरा वर राहू दे, एवढं मागितलं.

पाचला रुग्णालयाच्या फाटकातून पळत आत शिरलो. फार्मसीचं दार सताड उघडं. कपाट उघडं. मोडलेलं कुलूप माझ्या टेबलावर, आणि त्याच्याशेजारी माळ्याची पहार.

एनेलेसी तिच्या खोलीतून बाहेर आली, पदराला हात पुसत म्हणावं तर कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेला पुसत. "साडेअकराला पहिली गोळी दिली," ती म्हणाली. "एक डबा घेतला. तुझ्या साठ्याच्या कार्डावर लिहून ठेवलंय. कुलपाचं मात्र तूच लिही, मला त्याचा फॉर्म माहीत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, चौकशी होईल. मी म्हटलं, रविवारी माझा आधीच एक कार्यक्रम आहे, सोमवारी ठेवा."

फिलेसी बाहेरच्या बाकावर बसली होती. आमच्यात भाऊ आला की बहीण गुडघ्यावर येते, टाळी वाजवून रामराम करते. तिनं लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशी ती बसून राहिली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आलास?" मालिता आत झोपली होती. हातात अर्धी मांदाझी तशीच.

एनेलेसीनं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. ओळ पूर्ण भरलेली होती, फक्त बारावा रकाना कोरा.

"वेळेत आली," मी म्हणालो. "मग हा रिकामा ठेव ना."

"मंगळवारी दिवेलागण ते शुक्रवारी पहाट, ती पोर कोणाची वाट बघत होती?"

मी लाल पेन घेतलं आणि लिहिलं, 'मामा'. अक्षर वाकडं आलं. तिनं बघितलं, आणि मान हलवली.

शनिवारी मी फिलेसीला विचारलं, रविवारी ब्वालोत मी उभा राहिलो तर चालेल का. तसंही गावाला सगळं ठाऊक झालं होतं. शेळी अंगणात बांधल्यावर काय लपणार? पण मला विचारायचं होतं. निदान एकदा. फिलेसी म्हणाली, "मला काय विचारतोस? तिला विचार." मी आत गेलो. मालितानं भिंतीकडं तोंड केलेलं होतं. माझं बोलणं तिनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तुझं नाव सांग. त्या माणसाचंही सांग. माझं नको."

रविवारी अंजिराखाली तीन-चारशे माणूस होतं. पुरुष स्टुलांवर, बायका मागं चटयांवर. मुखिया चिंगोटा खुर्चीत, हातात शेपटीची चवरी. एनेलेसी रजिस्टर घेऊन आली नव्हती. ते ती खोलीबाहेर नेत नाही. तिच्या हातात एक चिटोरं होतं.

"माफी मागायला आलीस ना?" मुखियांनी विचारलं.

"आकडे सांगायला आलेय, बाबा. गेल्या मक्याच्या कापणीपासून माझ्याकडं पासष्ट जण आले. त्यात दोन मुलगे. बहात्तर तासांच्या आत आले एकोणीस. शेहेचाळीस उशिरा आले, त्यांना ते औषध देऊन उपयोग नव्हता. त्या शेहेचाळिसांतल्या चौतीस जणी मामाची वाट बघत बसल्या होत्या. एवढंच."

कुजबूज झाली. स्टुलांवरून दोघं-तिघं उठले. खोटं बोलते, विकली गेलीय. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण त्या दिवशी त्या झाडाची पानं हलली. मुखियांनी चवरी उचलली. ते हुशार माणूस. "चौतीस मामा म्हणतेस. नावं सांग. एक जरी नाव नाही सांगितलंस तर हे सगळं तुझ्या पेनातून आलंय असं मी धरीन, आणि रेघ खोडली जाईल."

नाव सांगितलं की पोर उघडी पडते. नाही सांगितलं की रेघ जाते. एनेलेसीनं चिटोऱ्याची घडी घातली आणि ब्लाउजात ठेवली.

"नावं देणार नाही," ती म्हणाली. "ती माझी नाहीत. रेघ खोडायची तर खोडा, मी उद्या परत मारीन. मला काढलंत तर फरशी पुसता पुसता विचारीन. बायका फरशी पुसणारीशी जास्त बोलतात, बाबा, कारकुनाशी कमी."

"मग खोटंच म्हणायचं," मुखिया म्हणाले.

मी उभा राहिलो. "त्या रकान्यात सगळ्यात खाली मी आहे," मी म्हणालो. "जेलोसी म्तेलेरा, तीन बहिणींचा भाऊ. बहिणीनं बोलावलं तेव्हा मी थांब म्हणालो. मी रोज ते औषध वाटतो आणि मी थांब म्हणालो. आणि किल्ली खिशात घालून गेलो. या बाईनं कुलूप फोडलं नसतं तर चौतिसाचे पस्तीस झाले असते. तो शेंगदाणेवाला काल पोलिसांनी धरला, त्याचं नाव विन्स्टन गोलियाटी. शेळी पाठवणारा तोच. मुखियाबाबा, रेघ खोडायची असेल तर आधी माझ्या नावावर काट मारा. ती काट मी मारू देणार नाही."

स्टुलांवरचे एकमेकांकडं बघत नव्हते. मुखियांनी चवरी दोनदा मांडीवर आपटली आणि म्हणाले, विचार करावा लागेल, पुढच्या रविवारी परत बसू.

"पुढच्या रविवारपर्यंत बहात्तर तास दोनदा संपतात," एनेलेसी म्हणाली.

तेव्हा मागच्या चटईवरून एक म्हातारी काठीवर रेटून उठली. मी तिला ओळखत नव्हतो. तिच्याशेजारी एक सोळा-सतरा वर्षांची पोर होती, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. म्हातारीनं मुखियांकडं बघितलं नाही, स्टुलांकडंही नाही.

"ए बाई," ती म्हणाली, "त्या सहा नंबरचं दार कोणत्या अंगाला आहे?"

एनेलेसी गर्दीतून वाट काढत तिच्याकडं चालू लागली. "मागच्या अंगाला, आजी. चला, मी दाखवते. आता औषधाच्या कपाटाला किल्ली लागत नाही."